तो कॉलम मी भरला होता

दसरूभाऊ उईकेची भाषा एका पुरस्कारानं नेली.
अर्ज मी भरला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका दैनिकात मी उपसंपादक, तो कंपोझिटर. दिवसभर शिशाच्या अक्षरांच्या खिळ्याखिळ्यानं आमची मराठी जुळवायचा. डब्याच्या सुट्टीत जुन्या प्रूफांच्या पाठीवर गोंडीत कथा लिहायचा.

कथा झाली की रविवारी एसटीनं देवलापारकडच्या गावी. आईला वाचून दाखवायचा. ती जिथं अडवेल, तिथं बदलायचा.

मला गोंडी येत नाही; ‘सेवा जोहार’ हा नमस्कार तेवढा त्यानं शिकवलेला. तो वऱ्हाडीत सांगायचा, मी मराठीत उतरवून घ्यायचो. असं पुस्तक झालं.

पुरस्काराच्या फॉर्मवर कॉलम होता: मूळ भाषा. पुरस्कार मूळ मराठी पुस्तकांनाच, गोंडी चालणार नव्हती. शेवटची तारीख, पोस्ट बंद व्हायला अर्धा तास.
मी ‘मराठी’ लिहिलं.

त्यानं पाहिलं. “लिहा ना भाऊ. फॉर्मच त होय.”

पुरस्कार मिळाला. छापखान्याच्या फोरमननं पेढा खाता खाता विचारलं, आता दसरूनं आमचं जुळवायचं, की आम्ही दसरूचं?

मग दिवाळी अंकांची पत्रं यायला लागली. अमुक तारखेपर्यंत कथा पाठवा. गोंडीतून आणायला वेळ कुठला? तो थेट मराठीत लिहू लागला. चांगलं लिहायचा. दादही मीच द्यायचो.

एकदा तसली कथा घेऊन गावी गेला. एक वाक्य वाचायचं, मग गोंडीत अर्थ सांगायचा. आईनं थांबवलं. ती काय म्हणाली, ते त्यानं मला वऱ्हाडीत सांगितलं, हसत:

“हे कोणाची गोष्ट होय?”
“माहीच.”
“मंग तू मले अर्थ काहून सांगून राहिला?”

त्यानंतर त्यानं गावी कथा नेली नाही.

आई गेल्यावर पुन्हा गोंडीत लिहायला बसला. काही दिवसांनी म्हणाला, “पहिलं वाक्य मराठीतच येते, भाऊ.” लिहिणंच थांबलं.

ऐंशीच्या दशकात तो अंथरुणाला खिळला. एका दुपारी त्याची मुलगी ऑफिसात आली. मुलं नागपुरात वाढलेली, घरात मराठीच.

“काका, बाबा कालपासून गोंडीच बोलून राहिले. काहीतरी मागतेत. त्याहिच्या कथा तुम्हीच त लिहून घेत होते. चला.”

गेलो.

त्यानं माझा हात धरला. बराच वेळ बोलला. मध्ये थांबून उत्तराची वाट पाहिली.

मी मान हलवत राहिलो. पाणी दिलं. ते नको होतं.

आज त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली.

दसरूभाऊ, त्या दिवशी मला काहीच समजलं नव्हतं.
सेवा जोहार.