धर्मामामांची बशी

आज मी जिवंत आहे तो धर्मामामांमुळे. आधी त्यांचं नाव लिहितो, मग काय झालं ते.

चौथीतच शाळा सोडून मी रत्नागिरीकडच्या गावातून कल्याणला आलो आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर गोणी वाहू लागलो. आंघोळीला तलावाचा घाट. त्याची राखण मामांकडे. पहिल्याच सकाळी पाहिलं, ते दोरीला बांधलेली पांढरी चिनी बशी पाण्यात सोडत होते. दोरीला हातहातभर अंतरावर गाठी. बशी दिसेनाशी झाली की बुडालेल्या गाठी मोजून (जास्त गाठी म्हणजे पाणी नितळ) भिंतीवर कोळशाने तेवढ्या रेघा ओढायचे, ओंजळभर पाणी नाकाशी न्यायचे, आणि मगच माणसांना वाट.

"तुज्या गावच्या नदीत किती गाठी दिसतात रं?"

मला ठाऊक नव्हतं.

"पान्यात वाढलास, आन् पानी बगितलं नाय?"

त्या उन्हाळ्यात आमच्या आळीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ शिरली. घरून पत्र आलेलं, आई तापाने अंथरुणाला खिळली आहे. तिच्यासाठी सोमवती अमावास्येच्या स्नानाचा नवस मी बोललो होतो. अमावास्येच्या सकाळी बशी सात गाठींपर्यंत लख्ख दिसली. मी धोतर खोचलं. मामा मात्र पायरीच्या फटीतून काहीतरी ओढत होते. वाकळेची चिंधी. घरात विटाळ नको म्हणून गेलेल्या माणसाचं अंथरूण तलावावर धुवायची तिथे रीतच होती.

मामांनी घाटावर आडवा बांबू बांधला.

"धर्मा, पर्वणीला घाट बंद?" आळीतले दाजीशेट गरजले. "पाणी आरशासारखं आहे. विचार तुझ्या बशीला!"

"बशी गाळ सांगते, शेट. मरन नाय सांगत."

"अभद्र बोलतो मेला!" ते बांबूखालून वाकून उतरले. मागोमाग दहाबारा जण. मीही निघालो, तर मामांनी मनगट धरलं.

"आयसाठी न्हातोस ना? मंग तिला पोरगा ठेव."

आपल्या अंगणात नेऊन त्यांनी विहिरीचं पाणी खळखळून उकळलं, निवू दिलं आणि माझ्या डोक्यावर ओतलं. पर्वणी चुकली म्हणून मी त्यांना शिव्या देत न्हालो.

तिसऱ्या दिवशी दाजीशेट पटकीने गेले. मग त्यांच्या मागून उतरलेल्यांतले एकेक. लोक म्हणू लागले, धर्माच्या जिभेने माणसं नेली. कोळशाच्या रेघांवर कुणी शेण फासलं. तलावाच्या पंचांनी राखण काढून घेतली. ठाण्याला लेकीकडे निघताना मामांनी बशी माझ्या हातात दिली. "साफ दिसलं तरी वास घे."

नवा राखणदार कुणी ठेवला नाही. मालधक्क्यावर जाण्याआधी मीच बशी सोडतो. लोक हसतात, "आला धर्माचा वारस!" आणि खुशाल उतरतात. आज बशी आठ गाठी दिसली. तरी मी ओंजळभर पाणी नाकाशी नेलं.

आई हिंडूफिरू लागली आहे. मामा, एक दिवस तुम्हाला मी आमच्या गावी नेईन. नदीत बशी तुम्हीच सोडायची. गाठी मी मोजीन.