कागदाची फाईल, काचेची फाईल

खलीलभाई गेल्याची बातमी मला फोन आडवा धरून, दोन बोटांनी ओढत वाचावी लागली. छापायला केलेलं शोकपत्र कुणीतरी तसंच फोनवर सोडलं होतं. आधी काळी चौकट दिसली, मग शोकाकुल संस्थांची यादी, आणि गेलेल्या माणसाचं नाव सगळ्यात शेवटी. ते पाहून खलीलभाईंनी पहिल्यांदा फाईल दुरुस्त करायला मागितली असती.

ते मूळचे नांदेडचे, बुकबाइंडरांच्या घरातले. भूकंपानंतर मदतीचे अर्ज टाइप करायला लातूरला आले आणि पुढं शहरात क्लासेसचं पीक आलं तसे इथंच राहिले. मी ज्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचो, तिथल्या नोट्स आणि पेपर तेच कॉम्प्युटरवर टाइप करून जुळवत. माणूस कायम धास्तावलेला. बोलता बोलता नजर वर जायची, दिव्याच्या लोंबत्या वायरीकडे... हलते का. कामातही तीच धास्ती. प्रत्येक मजकुराच्या ते दोन फायली करत: एक कागदाची, एक काचेची. काच म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा. मी हसायचो. "मजकूर एकच ना, खलीलभाई?" "मजकूर एकच हाय, सर. पन कागदावर पोरगं पेन फिरवतंय अन् काचेवर माउस. कुठं काय उकरंल, सांगता येत न्हाई."

पेपरात प्रत्येक प्रश्नाखाली ते उत्तराचं अक्षर पांढऱ्या रंगात ठेवत, म्हणजे प्रश्न वर-खाली झाले तरी उत्तर सोबत हलायचं. कागदावर पांढरं छापलं जात नाही. काचेच्या फायलीतून मात्र ती अक्षरं ते एकेक करून काढून टाकत.

फुकट प्रवेशाच्या परीक्षेला लातूरची मुलं कागदावर लिहिणार होती आणि नांदेड शाखेतली कॉम्प्युटरवर. सकाळपासून नांदेडहून फोनवर फोन. खलीलभाईंची काचेची फाईल साफ व्हायची होती. "धा मिन्टं, सर. लई घाई करून राहिले तुम्ही." मला दहा मिनिटं जास्त वाटली. कागदाची फाईल माझ्याकडं होती. दिसायला सारखीच... मी ती पाठवली. तिकडं कुणीतरी प्रश्नाखालून माउस ओढला, निळी पट्टी उमटली आणि पट्टीत उत्तर. अर्ध्या तासात सगळी खोली हुशार झाली. परीक्षा रद्द झाली. किनवटहून पहिल्या गाडीनं आलेल्या मुली तशाच परत गेल्या.

संचालकांच्या केबिनमध्ये त्यांचेच तीन फोटो होते. एकात ते वाचत होते. "खलील, किती घेतले?" त्यांनी विचारलं. खलीलभाईंनी माझ्याकडं बघायला हवं होतं. ते वर वायरीकडं बघत होते. "साहेब, पांढरी अक्षरं माझीच हायत," एवढंच म्हणाले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात संचालक म्हणाले, "सर, तुमचा तास आहे ना?" मी तासाला गेलो. त्या दिवशी जडत्व शिकवायचं होतं.

त्यांचं काम गेलं, आणि पेपर फोडणारा ही ओळख राहिली. पुढं त्यांनी छोटं दुकान टाकलं. मी तिथं जात राहिलो, चहा पीत राहिलो. प्रत्येक वेळी वाटायचं, आज विचारतील. त्यांनी कधीच विचारलं नाही... आणि मी सांगितलं नाही.

बातमी वाचून गेल्या महिन्यात घरच्यांना भेटायला गेलो. दुकान आता त्यांची मुलगी नाझिया बघते. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून तिनं विचारलं, "सर, तुम्ही तर तिथंच व्हता. अब्बांनी खरंच पैसे घेतले व्हते का हो?"

लोक काय म्हणतात ते मला माहीत होतं. घरातही हा प्रश्न मुक्कामाला असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

"नाही. ती फाईल मी पाठवली होती."

ती म्हणाली, "मग इतकी वर्षं इथं चहा कोणत्या तोंडानं प्यायलात, सर?" तिनं कीबोर्ड पुढं ओढला. "मला एकलीला सांगून काय व्हतंय? छापा."

म्हणून हा लेख. जुळवला तिनंच. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी एक फाईल केली, फोनवर फिरेल म्हणून दुसरी. मग त्या दुसरीतल्या मोकळ्या जागांवरून ती सावकाश माउस ओढत गेली, परिच्छेदांच्या मधून, माझ्या नावाच्या खालून. "अब्बा असंच बघायचे," म्हणाली. कुठंच काही उमटलं नाही. तरी ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली.