आखाजीचा लॅपटॉप

आमच्याकडे लेकीला वापरलेली वस्तू देत नाहीत. आखाजीला तर नाहीच नाही. बाकी महाराष्ट्राची अक्षय तृतीया ती आम्हा खान्देशवाल्यांची आखाजी. सासरी गेलेली लेक त्या सणाला माहेरी येते, झोके घेते, आमरस-पुरणपोळी खाते आणि परत जाताना काहीतरी नवं घेऊन जाते. साधं पातळ असेल, स्टीलचा डबा असेल, पण घडी न मोडलेलं, कुणी हात न लावलेलं. हा नियम मी माझ्या आईकडून घेतला आणि कधी मोडला नाही. त्यात माझा स्वभाव तापट. घरचे म्हणतात, हिला चिडायला कारण लागत नाही, शांत व्हायला लागतं. खरं आहे ते.

माझी मुलगी बी.कॉम. झालेली. धुळ्यात शिकत असताना ती एका कर सल्लागार बाईंच्या हाताखाली काम करायची. पुढे तिचं लग्न झालं आणि ती दोंडाईच्याला गेली. घर चांगलं आहे, मिरचीच्या व्यापारातलं. दोन वर्षं गेली आणि अचानक त्या धुळ्याच्या बाईंचा तिला फोन आला. घरबसल्या दुकानदारांची बिलं भरायची, जीएसटीचं काम करायचं, करशील का? लॅपटॉप मात्र स्वतःचा हवा. आखाजी झाली की सुरुवात, आणि पहिला महिना बघून पुढचं ठरवायचं.

तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, नाही म्हणाल्या नाहीत, पण हो सुद्धा म्हणाल्या नाहीत. 'बघू किती दिवस टिकतं,' एवढंच बोलल्या, आणि यंत्रासाठी घरातून काही मागायचं नाही असंही सुचवलं. लेकीने मला हे फोनवर हसत हसत सांगितलं. मी तिला नऊ महिने पोटात वागवलंय, तिचं खरं हसू कोणतं ते मला कळतं. लॅपटॉप पहिल्याच महिन्यात दगा देऊन बसला असता तर काम तर गेलंच असतं, वर 'तरी आम्ही म्हणत होतो' हे वाक्य तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

म्हटलं, यंदाची आखाजी लॅपटॉपची. मी धरणगावात उन्हाळाभर उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया करून विकते, त्याचे पैसे माझे असतात. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, काय घ्यायचं ते घ्या, फक्त दुकानात भांडू नका. हा माणूस मला चांगला ओळखतो.

लेक सणाच्या आठवडाभर आधी माहेरी आली आणि आम्ही दोघी जळगावला गेलो. मोठं शोरूम, गार हवा, काचेच्या टेबलांवर ओळीने मांडलेले लॅपटॉप. माझ्या पापडांच्या पैशांत बसेल असा एक निघाला. काय देखणा होता! चांदीसारखा रंग, पोळीसारखा पातळ, उचलला तर वजनच नाही. मी तिथेच मनात त्याला हळदकुंकू लावून टाकलं. लेक मात्र विक्रेत्याला प्रश्नावर प्रश्न विचारत होती. रॅम किती? चार. वाढवता येईल का? नाही, ती आत कायमची चिकटवलेली आहे. मग तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि त्यातली बिलांची एक भलीमोठी फाइल उघडायला सांगितली. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. तो फिरला, फिरला आणि फिरतच राहिला. लेक पेन ड्राइव्ह काढून घेऊन बाहेर पडली.

बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर आमचं जुंपलं. तिचं म्हणणं असं, की एवढ्या पैशांत नवा घेतला तर तो नुसता मिरवायचा. याच पैशांत धुळ्याला जुना, पण कंपन्यांसाठी बनवलेला दणकट लॅपटॉप मिळतो. कंपन्या ते भाड्याने घेतात, मुदत संपली की परत करतात, मग ते बाजारात येतात. मी म्हटलं, म्हणजे कुणीतरी वापरून टाकलेला. ती म्हणाली, सोडलेला, टाकलेला नाही. मी म्हटलं, आखाजीला लेकीला दुसऱ्याचं उष्टं देऊ? तुझ्या सासरी काय तोंड दाखवू? रसवाला आमच्याकडे बघत राहिला, त्याचं गिऱ्हाईकसुद्धा. लेकीने ग्लास खाली ठेवला आणि घरी बोलतो त्या अहिराणीत म्हणाली, "माय, रंग काय दखस? मधमा काय शे ते दख."

आत काय आहे ते बघ. आता आली का पंचाईत! हे मीच तिला लहानपणापासून शिकवलं होतं, वांगी घेताना, खरबूज घेताना, स्थळं बघतानासुद्धा. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही हेही मीच म्हणायचे. माझंच शस्त्र माझ्यावर उलटलं होतं. मी रस संपवला आणि काही बोलले नाही. माझ्या बाबतीत त्याचा अर्थ होकार असतो.

दोन दिवसांनी एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने धुळ्याला गेलो. दुकान एका गल्लीत होतं. मालक मारवाडी, तीन पिढ्यांपासून धुळ्यात, माझ्यापेक्षा शुद्ध अहिराणी बोलणारे. त्यांची आधी भांड्यांची गादी होती, आता अर्ध्या दुकानात लॅपटॉप. मी आत शिरतानाच तोंड वाकडं केलेलं. त्यांनी मला अक्का म्हणून बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि लेकीसमोर एक लॅपटॉप ठेवला.

त्यानंतर जे झालं ते मी खुर्चीत बसून पाहिलं, आणि त्या खुर्चीतून उठेपर्यंत माझी लेक मला नव्याने कळली. तिने आधी लॅपटॉप उलटा केला आणि स्क्रू पाहिले, कुणी उघडून त्यांची डोकी झिजवलीत का. मग झाकण उघडून अर्ध्यात सोडलं, ते आपोआप पडतंय का ते बघायला. पडदा पूर्ण पांढरा करून त्यावर डाग शोधले. एकेक बटण दाबलं. चार्जरची पिन आत घालून हलवली. शेवटी स्वतःच्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं, तर पडद्यावर कुठल्याशा कंपनीचं नाव येऊन ती पासवर्ड मागायला लागली. लेक शांतपणे म्हणाली, भाऊ, याले अजून मालक शे. जुन्या कंपनीचं कुलूप निघालेलं नव्हतं. तसा घरी नेला असता तर एखाद्या दिवशी तो बंद पडून बसला असता. मालकांनाही ते माहीत नव्हतं. त्यांनी तो लगेच बाजूला काढला आणि आतून दुसरा आणला.

दुसऱ्याची पुन्हा सगळी तपासणी. तो काळा, जाडजूड, एका कोपऱ्यावर ओरखडा. मला मुळीच आवडला नाही. पण तिची ती मोठी फाइल त्यात फटकन उघडली. बॅटरी मात्र थकलेली निघाली. तिने सांगितलं, बॅटरी नवी टाकून द्या, रॅम वाढवून द्या, आणि पंधरा दिवसांत काही निघालं तर बदलून द्याल असं बिलावर लिहा. मालक हसले आणि मला म्हणाले, अक्का, पोरीला आठवड्यातून एकदा पाठवा, माझा माल तपासून देईल. माझी मान इतकी ताठ झाली की विचारू नका. घरात पापड लाटताना जिच्या पापडाला कधी गोल आकार आला नाही ती ही मुलगी!

तरीही माझ्या मनातला नियम हलेना. ती मागच्या खोलीत बॅटरी बसवताना बघत होती, तेवढ्यात मी मालकांना हळूच विचारलं, एखादं नव्या लॅपटॉपचं रिकामं खोकं आहे का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सगळं ओळखलं आणि एक कोरं करकरीत खोकं काढून दिलं. घरी आल्यावर मी लॅपटॉप त्यात ठेवला, वरून सोनेरी कागद लावला, रिबीन बांधली. लेकीला वाटलं, आईचं कौतुक. मी म्हटलं, हो, कौतुकच.

आखाजी झाली. घागर पुजली, झोके झाले, आमरस झाला. तिला सोडायला मीच निघाले. धरणगावहून दोंडाईचा थेट गाडीने गाठता येतं. सबंध प्रवासात ते सोनेरी खोकं माझ्या मांडीवर. अमळनेरला चढलेल्या एका बाईने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, लॅपटॉप, लेकीला कामासाठी. 'कामासाठी' हा शब्द जरा मोठ्याने म्हटला.

तिच्या सासरी सून माहेरून काय घेऊन आली ते बघायला दोन शेजारणी येऊन बसल्याच होत्या. ही रीतच आहे. विहीणबाईंनी स्वतः कागद काढला. खोक्यावर पातळ, चांदीच्या रंगाच्या लॅपटॉपचं चित्र, आणि आतून निघाला हा काळा, जाडजूड, ओरखडेवाला पहिलवान. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! खोक्यावर चित्र असतं हे मला दिसत होतं, पण त्याच्याशी आतल्या वस्तूचं काही नातं असावं लागतं हा विचार माझ्या डोक्यात शिरला नाही. एक शेजारीण म्हणाली, अगंबाई, वर चांदीचा आणि आत काळा कसा? विहीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, नवा शे ना?

मी तोंड उघडलं होतं. थाप तयार होती. पण लेक माझ्या आधी बोलली.

"नवा नही, वापरेल शे. पण मी निवडेल शे."

वापरलेला आहे, पण मी निवडलेला आहे.  मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच क्षणी असंही वाटत होतं, की उठून हिची दृष्ट काढावी. ती सासूबाईंशेजारी बसली आणि साध्या आवाजात सांगू लागली. मिरचीचं पोतं घेताना तुम्ही वरची मिरची बघून भाव करता का? खालपर्यंत हात घालून मूठभर काढता, तोडून बघता. मी तेच केलं. चांदीवाला दिसायला छान होता, कामाला कच्चा होता. याची बॅटरी नवी आहे, वीज गेली तरी काम थांबणार नाही. एवढं बोलून तिने तो सुरू करून दाखवला.

विहीणबाईंचा जन्म मिरचीच्या पोत्यांत गेलेला. त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला, उलटा करून पाहिला, तापतो का ते विचारलं. मग म्हणाल्या, बरं. आणि ते चित्राचं खोकं उचलून आत नेलं, कुरडया ठेवायला. लेकीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेचं उत्तर मी आजतागायत दिलेलं नाही आणि देणारही नाही.

काम सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात दोंडाईच्यात भर दुपारी वीज गेली, आणि त्या पहिलवानाने काम तडीस नेलं. महिना संपला तेव्हा धुळ्याच्या बाईंनी तिला आणखी दुकानं दिली. हे लेकीने सांगितलं तेव्हा ती फोनवर हसली, आणि ते हसू खरं होतं. सासरी तिच्या कामाला कोण काय म्हणतं, ते मात्र ती सांगेना आणि मलाही विचारवेना.

परवा दुपारी मला करमेना म्हणून मी तिला फोन लावला. उचलला विहीणबाईंनी. मी म्हटलं, जरा लेकीला द्या. त्या ठसक्यात म्हणाल्या, "दुपारले फोन नका करू, बाई. आमनी सून कामले बठेल ऱ्हास."

आमची सून कामाला बसलेली असते. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. एरवी कुणी माझ्याशी असं बोललं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. नवऱ्याने विचारलं, काय झालं, चेहरा असा का? मी पायात चप्पल घातली आणि गल्लीतल्या तीन घरी जाऊन सांगून आले, की आज माझ्या लेकीच्या सासूने मला चांगला दम भरला.