पुढचं पाणी

त्या शुक्रवारी पहाटे अल नस्रमध्ये विलासच्या बिल्डिंगखाली गाडी उभी करून मी नेहमीसारखा त्याच्या नावाने बोटं मोडत होतो. मला भल्या पहाटे बोलावून स्वतः लोळत पडलाय, म्हणून फोन लावला, तर तो अंजलीवहिनींनी उचलला. "भाऊजी, आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत... हे गेले हो," एवढंच म्हणाल्या. मागे बर्फाच्या डब्यात आमिषाची कोळंबी होती. तिचं आता काय करायचं, हाच एक विचार किती तरी वेळ डोक्यात घोळत राहिला.

विलास नाशिकचा, गंगापूर धरणाच्या पाण्यात गळ टाकत वाढलेला. मी देवगडचा, म्हणजे मासे खाण्यात पटाईत आणि पकडण्यात आनंदीआनंद. औषधालाही नदी नसलेल्या या कतारमध्ये त्याने मला मासेमारीचं वेड लावलं; खरं तर जागा शोधण्याचं. अल वाक्राच्या किनाऱ्यावर खुर्ची उघडून मी चहा ओततो न ओततो, तोच हा दोरा गुंडाळायला लागायचा. "इथे काही दम नाही रे. यल्ला, पुढचं पाणी बघू!" मग सिमैस्मा, मग अल खोर, मग थेट उत्तरेला फुवैरित. एकदा तर चांगले मासे लागत असताना त्याने मला उठवलं. मी भडकलो, "अरे, इथे लागतायत ना!" तर म्हणतो, "इथे एवढे, तर पुढे किती असतील!" पुढे काय मिळणार, डोंबल? येताना मार्केटमधून हामूर घ्यायचा आणि घरी मिशीला पीळ द्यायचा. गाडी मात्र कायम मीच चालवायची. चालवताना पाणी बघता येत नाही म्हणे! माझ्या शेजारची सीट पार मागे सरकवून, लांबलचक पाय पसरून साहेब हुकूम सोडायचे.

त्याची एकुलती एक लेक सई नोकरीला स्कॉटलंडमध्ये असते. या उन्हाळ्यात तिच्याकडे जायचं घाटत होतं. डोंगरातली मोठाली तळी, त्यांना तिकडे लॉख म्हणतात, आणि त्यांना जोडणाऱ्या नद्या... विलास ऑफिसमध्येसुद्धा तोच नकाशा उघडून बसायचा. तिकिटं काढायची तेवढी राहिली होती.

नाशिकला सगळं उरकल्यावर वहिनी इथलं घर आवरायला परत आल्या, बरोबर सई होती. तिने मला फोन केला, "काका, मला बाबाच्या फेवरेट स्पॉटवर न्याल?" हो म्हणालो खरा, पण कुठे नेणार? गाडीत ती त्याच्याच सीटवर बसली. पाय धड टेकत नव्हते.

"सीट पुढे घे ग," मी म्हटलं.

"असू दे."

अल वाक्रा जवळ आलं तेव्हा ती एकदम बोलायला लागली. "मी त्याला एक लॉख दाखवला, तर म्हणे, छान आहे, पण त्याच्या पुढे काय आहे? दुसरा दाखवला, तरी तेच. शेवटच्या कॉलवर मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, यायचंच नसेल तर सरळ सांग ना बाबा... काका, त्याला खरंच यायचं नव्हतं का?"

'छे ग, असं कसं' म्हणून भागणारं नव्हतं ते. मी गाडी थांबवली. "हा स्पॉट. इथे चहा ओतेपर्यंत टिकायचा." पाच मिनिटांत तिला परत बसवलं आणि सिमैस्मा दाखवलं. मग अल खोरची कांदळवनं. तिथे तिला हसू फुटलं. "इथेही नाही?" फुवैरितला पुढे नुसता समुद्र. वाऱ्यात केस धरून तिने विचारलं, "मग, इथे तरी?"

"इथे आला की म्हणायचा, परत जाताना दुखानवरून जाऊ. ते तर पार दुसऱ्या टोकाला!"

ती हसता हसता रडायला लागली. मी म्हटलं, "सई, जिथे जायचंच नसेल, त्याच्या पुढे काय आहे हे तो कधी विचारत नसे." तिने मान हलवली आणि डोळे न पुसता बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

आता ती तिकडे गेली, वहिनी नाशिकला. शुक्रवारी मी एकटाच अल वाक्राला जातो. खुर्ची उघडतो. एका जागी बसून गरम चहा प्यायचा, यासाठी इतकी वर्षं भांडलो. आता कुणी उठवत नाही, तर चहा घशाखाली उतरत नाही. पाण्याकडे बघवत नाही, गळाकडे लक्ष लागत नाही... नालायक माणूस, सवय लावून गेला. गेल्या शुक्रवारी कप तसाच वाळूत ओतला, खुर्ची मिटली आणि सिमैस्माकडे निघालो. शेजारची सीट अजून तशीच पार मागे आहे. बायको कुरकुर करते, पण पुढे घेत नाही. ती मागे जाऊन बसते.