त्रेसष्टावी ओळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते आणि वाचून झालं की हसते, हे आधीच कबूल करते. विहिरीजवळची बाई, बंद खोलीतला आवाज... मला हे सगळं रिकाम्या डोक्याचे खेळ वाटायचे. मांजर आडवी गेली तर मी मांजरीला वाट देते आणि पुढे निघते, थांबत नाही. तेव्हा आता माझं वाचून तुम्ही हसलात तर खुशाल हसा. मी हे लिहिते आहे ते फक्त आभार मानायला. कोणाचे, ते मला माहीत नाही.

मी आमगावला राहते, गोंदिया जिल्ह्यात. एका आरोग्य कार्यालयात कंत्राटावर डेटा एन्ट्रीचं काम करते. आमच्या भागात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट खूप. गावोगावच्या रक्ततपासणीच्या नोंदी एका भल्यामोठ्या एक्सेल फाईलमध्ये येतात – चाळीस हजारांवर ओळी. एकाच बाईचं नाव तीनदा, वय कुठे एकवीस तर कुठे दोनशे दहा, मोबाईलचा रकाना अर्धा रिकामा. ही फाईल उघडायला घेतली की कॉम्प्युटर असा धापा टाकायचा की आमचे फार्मसीवाले बिसेनभाऊ म्हणायचे, "मॅडम, आधी याचीच तपासणी करा."

मग माझ्या भावाच्या मुलीनं, प्राचीनं, मला फोनवरून पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा शिकवली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी! "आत्या, दहा ओळी लिहिता आल्या तरी बस झालं," म्हणाली. तेवढ्याच येतात मला. माझा प्रोग्राम असा – फाईल वाच, दुबार नावं काढ, शेऱ्यात 'गावात नाही' असेल ती ओळ काढ, आणि उरलेल्यांतून सिकलसेलग्रस्त गरोदर बायका तेवढ्या दाखव. त्यांच्यासाठी तपासणी शिबिर होतं आणि डॉक्टरसाहेबांना दुपारपर्यंत यादी पाहिजे होती. 'गावात नाही' वाली अट मात्र माझ्याच डोक्यातली. जी गावातच नाही तिला शिबिराला बोलावणार कसं? मला तेव्हा फार हुशारी वाटली होती त्यात.

गेल्या वर्षीची गोष्ट. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस, सकाळचे अकरा वाजले होते. प्रोग्राम चालवला. त्रेसष्ट नावं आली. खाली नजर गेली तर शेवटची ओळ – सरिता, वय एकवीस, आठवा महिना, आमगावजवळचंच गाव, मोबाईल रिकामा, शेरा 'गावात नाही'.

अगं बाई, तू इथं कशी?

शेरा नीट तपासला. अक्षरात फरक नाही, मागेपुढे मोकळी जागा नाही. बाकी अकरा जणी त्याच शेऱ्याच्या होत्या, त्या बरोबर गाळल्या गेल्या होत्या. ही एकटीच राहिली. पुन्हा चालवला, पुन्हा त्रेसष्ट. वैतागून यादीचं प्रिंट काढलं, सरिताच्या नावावर लाल पेनानं काट मारली, यादीतून ती ओळ हातानं डिलीट केली, सेव्ह केलं, फाईल बंद केली. चहा घेऊन आले. साहेबांना पाठवायच्या आधी एकदा बघावं म्हणून उघडली – त्रेसष्ट! सरिता खाली तशीच. आणि या वेळी तिच्या मोबाईलच्या रकान्यात नंबर होता. पूर्ण, दहा आकडी.

बिसेनभाऊंना हाक मारली. "तुम्ही हात लावला का माझ्या कॉम्प्युटरला?"

"मी कायले लावू? मले तर तो चालूबी करता येत नाही."

बघा, मी घाबरले वगैरे नाही. मला राग आला. म्हटलं, एवढी मागे लागली आहेस तर बोल बाई काय ते, आणि नंबर फिरवला.

बऱ्याच वेळानं फोन उचलला गेला. आधी नुसता श्वास ऐकू आला, तुटक तुटक.

"सरिता आहे का? मी आमगावहून बोलते, आरोग्य ऑफिसातून."

"मीच व्हय... मॅडम, छाती लई दुखून रायली. सास घेता नाही येऊन रायला."

"कधीपासून?"

"सकारपासून. हातपायबी दुखतेत."

"घरी कोण आहे?"

"कोनीच नाही. सारे रोवण्याले गेले. आईले सांगतलं नाही मी... रोवणा अडते नं."

सिकलसेल, आठवा महिना आणि छातीत दुखणं, म्हणजे जिवाला धोका, हे आमच्या ऑफिसातल्या शिपायालाही कळतं. "तू आहेस कुठे आत्ता?" तर ती होती माहेरी, सालेकसा तालुक्यात, जंगलाकडच्या गावात. पहिलं बाळंतपण!

आणि तिथे मला सगळं लख्ख कळलं. आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी जाते. सासरच्या गावची आशाताई, घरोघरी नोंदी घेणारी स्वयंसेविका, लिहिते 'गावात नाही'. माहेरची आशाताई लिहीतच नाही, कारण नोंद सासरी. मग मी येते माझा प्रोग्राम घेऊन आणि उरलीसुरली ओळही गाळते. मी स्वतः पहिल्या वेळी माहेरी जाऊन तीन महिने राहिले होते हो! तरी डोक्यात आलं नाही. अजूनही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ॲम्ब्युलन्सला फोन केला. मग तिच्या माहेरच्या आशाताईला. ती म्हणते, "ते त सासरवाली व्हय मॅडम, माह्या यादीत नाही."

"यादी घाल चुलीत! आधी तिच्या घरी पळ!" मी एवढ्यानं ओरडले की साहेब बाहेर आले.

पण ती पळाली बरं का. भाताच्या बांधीतून, चिखलानं भरलेल्या पायांनी. गाडी येईपर्यंत सरिताला धरून बसली, वाटेत तिच्या आईलाही उचललं. साहेबांनी गोंदियाला फोन करून रक्ताची सोय करून ठेवली. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरबाईंचा निरोप आला – सरिता आणि पोटातलं बाळ दोघंही ठीक, वेळेवर आणलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. बिसेनभाऊ पाण्याचा ग्लास ठेवून गेले.

सरिताला मुलगी झाली. दिवाळीनंतर तिची आई ऑफिसात आली, घरच्या चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन. नको नको म्हटलं तर माझ्यावरच रागावली. मग बसली आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? तुमाले नंबर कोनं देल्ला?"

"यादीत होता," मी म्हटलं.

"कसा राहीन? ते शिमकार्ड तिच्या भावानं तुमच्या फोनाच्या दोन दिस आधी बाजारातून आनलं होतं. आमी कोनालेच नंबर देल्ला नोता."

आमच्याकडे फाईल तर त्याच्या आठवडाभर आधीच आली होती.

ती गेल्यावर मी मूळ फाईल उघडली. सरिताचा मोबाईलचा रकाना रिकामा. लाल काट मारलेलं प्रिंट ड्रॉवरमध्ये आहे, त्यातही रिकामा. माझ्या फोनच्या कॉल यादीत मात्र तो नंबर आहे, सरितानंच उचललेला. प्राचीला सगळं पाठवलं. तिनं दोन दिवस तपासलं आणि म्हणाली, "आत्या, प्रोग्राममध्ये काहीच चूक नाही गं." मला याचा उलगडा आजही झालेला नाही. हात जोडते, एवढंच करू शकते.

त्या बाकीच्या अकरा जणी मी आठवडाभरात शोधून काढल्या. नऊ जणी माहेरीच होत्या. आता 'गावात नाही' वाल्यांची मी वेगळी यादी करते आणि पहिला फोन त्यांनाच लावते.

हे लिहायला बसण्याआधी तीच जुनी फाईल, तोच जुना प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिला. बासष्ट नावं आली.