साडेचारला वळलेला वारा

कादंबरीत किती माणसं मेली याच्याशी फाईना येगोरोव्नाला काही देणंघेणं नसायचं. तिचं सगळं लक्ष चिखलाकडं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुझे रणगाडे त्या चढावर चढलेच कसे, तिथं तर गुडघाभर रेंदा असतो, असं ती लेखकाला विचारायची, आणि लेखक आठ दिवस तोंड लपवून बसायचा.

इतिहासाला भलतीच वाट फुटली असती तर काय झालं असतं, असल्या कादंबऱ्यांचं आमच्याकडं उदंड पीक. आजच्या काळातला कुणी कारकून पाय घसरून पडतो आणि डोळे उघडतो ते थेट एकेचाळीस सालात, महायुद्धात. मग सेनापतींना शहाणपण शिकवतो आणि लढाई दोन वर्षं आधीच जिंकून देतो. लिहिणारे एकेक प्रकरण इंटरनेटवरच्या साइटवर टाकतात, वाचणारे त्याची सालं काढतात. असल्या सालं काढणाऱ्यांना लेखक मंडळींनी नाव ठेवलंय रिव्हेटमोजे. विमान उडालं की पडलं ते राहिलं बाजूला, हे आपले पत्र्यावरचे रिव्हेट मोजत बसलेले. फाईना त्या सगळ्या रिव्हेटमोज्यांची आजी. चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी, गुडघ्यांनी अधू, पण डोळा घारीचा.

तिचा नियम एकच, आणि तो सगळ्या साइटवर माहीत होता. एक खोटं तुला माफ. एक गोष्ट हवी तशी बदल. पण मग तिच्यामागनं जे जे हलायला पाहिजे ते सगळं हलव. नदी वळवलीस तर तिच्या पाण्यावरच्या खालच्या गिरण्याही बंद पाड. तेवढं नाही जमलं तर घरी बसून बटाटे सोल. एकानं चार हजार घोडेस्वार सलग तीन दिवस बर्फातनं पळवले होते, त्याला तिनं लिहिलं, "घोडी काय तुझी प्रस्तावना खात होती का?"

पण बाई मुळात हवेची. क्रास्नी लोग या तालुक्याच्या गावाबाहेर, रानात, काटेरी तारेच्या तीन कुंपणांआड एक कारखाना आहे. तिथं काय होतं ते सगळ्यांना माहीत आणि कुणी बोलत नाही. त्या कारखान्याच्या हवामान चौकीवर फाईनानं तेहतीस वर्षं वारा, पारा आणि हवेचा दाब लिहिला. पेन्शनीत आल्यावर कुंपणाबाहेर येऊन एका खोलीच्या घरात राहिली. मुलगा वेन्यामिन अजून आत, कारखान्याच्या मोजमाप विभागात. त्याच्या छातीवर पास, आणि त्या पासावर त्याची बायको, घर, पोरींच्या शाळा, सगळं टांगलेलं.

मार्च महिन्यात तिच्याकडं एक हस्तलिखित आलं. साइटवर न टाकता सरळ तिच्या पत्त्यावर पाठवलेलं. लिहिणारा रोदिओन चेर्दिंत्सेव, जवळच्याच खेड्यात वायरमन. त्यानं नम्रपणे लिहिलं होतं, की पहिलीच कादंबरी आहे, असं घडू शकलं असतं का, तेवढं सांगा.

तिनं कपात चहा ओतला, सुश्कीची, म्हणजे कडक गोल बिस्किटांची, दोन कडी बुडवायला घेतली आणि वाचायला बसली. बासष्टच्या ऑक्टोबरात रानातल्या कारखान्यात जमिनीखालची अणुकचऱ्याची टाकी फुटते. राखाडी, जांभळट ढग उठतो. ताल्निकी नावाच्या खेड्यावरनं जातो. बायका बीट उपटत असतात, त्यांच्या हातांवर ती राख बसते. नवव्या दिवशी शिपाई येतात, गुरं खड्ड्यात घालून गोळ्या घालतात, माणसांना अंगावरच्या कपड्यांसकट धुतात, आणि गाव बुलडोझरनं सपाट करतात.

सुश्की चहात विरघळून गेली. फाईनाला ते कळलं नाही.

कारण हे घडलं होतं. घडलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि वाऱ्याच्या यंत्राखाली उभी होती. दिवसाढवळ्या, चहाच्या वेळेला. चौथ्या दिवशी एक अधिकारी चौकीवर आला. तिला खुर्चीवर बसवलं, नवी कोरी नोंदवही पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, की सगळं पान उतरवून घे, फक्त वाऱ्याचा रकाना मी सांगतो तसा. ढग उठला तेव्हा वारा वायव्येकडनं होता, ताल्निकीवर. त्यानं नैऋत्येचा लिहायला लावला, म्हणजे ढग गेला तो माणूस नसलेल्या दलदलीवर. मग गप्प राहण्याच्या कागदावर सही घेतली. पेन्शनीला निघताना तीच सही परत घेतली. त्या कागदाची मुदत संपली की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर विचारणारी म्हणून नाव लागलं असतं.

तिनं पहिल्यांदा खिडकी लावली. मग टेलिफोनची वायर काढली. मग आपणच आपल्याला शिव्या घातल्या, कारण वायर काढली हेही कुणाला तरी दिसेल असं वाटलं, म्हणून परत लावली. हे पाठवलं कुणी? खरंच वायरमन आहे, की म्हातारी अजून गप्प आहे का बघायला आतल्या माणसांनी टाकलेला गळ? खाली अंगणात पांढरी मोटार उभी होती. ती शेजाऱ्याची होती, सात वर्षं तिथंच उभी राहायची. तरी फाईना पडद्याआडनं तिच्याकडं दहा मिनिटं बघत राहिली.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, की सगळ्यात सुरक्षित उत्तर म्हणजे नाही. तिनं तीन ओळींचा निकाल लिहिला. घटना संभवत नाही, टाक्या अशा फुटत नाहीत, विषय सोडून द्यावा. हस्तलिखित परत धाडलं आणि पोटभर कोबीचं सूप प्याली.

संध्याकाळी भांडी घासताना तिला आठवलं, आणि हातातली ताटली पाण्यात सुटली. वाचता वाचता एक्केचाळिसाव्या पानावर तिनं समासात खूण केली होती. रोदिओननं लिहिलं होतं, त्या दुपारभर उत्तरेचा वारा होता. आणि तिच्या हातानं, तिला न विचारता, सवयीनं, शेजारी लिहून टाकलं होतं: "उत्तरेचा नव्हे. वायव्येचा. साडेचारला वळला, त्याआधी नैऋत्येचा." ती खूण खोडायची राहिली होती.

शनिवारी वेन्यामिन बटाट्यांची पिशवी घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो बूट काढायचा थांबला. तोंडाचा रंग उडाला. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, की तो माणूस आला तर हात थरथरला, चूक झाली, म्हातारपण म्हणून सांग. वर म्हणाला, "आई, तू त्या ढगातनं सुटलीस. मला त्यात घालू नकोस."

गुरुवारी सकाळी दार वाजलं. तिनं दाराच्या भिंगातनं बघितलं. उंच, ओढलेल्या चेहऱ्याचा, पस्तिशीचा गडी, हातात टोपी, खांद्याला वायरमनची पिशवी. तिनं दार उघडलं.

रोदिओन टेबलाशी बसला, चहाला हात लावला नाही. त्यानं पिशवीतनं एक्केचाळिसावं पान काढलं आणि त्याच्याशेजारी दुसरा एक कागद ठेवला.

"फाईना येगोरोव्ना, हा साडेचारचा आकडा तुम्हाला कुठनं मिळाला?"

तिनं सांगितलं, की म्हातारपण आहे, हाताला येईल ते लिहिते.

"माझी आज्जीबी साडेचारच म्हणायची. वरच्या तुकड्यात बीट काढत होत्या, वारं एकदम फिरलं आणि डोक्यावरचे रुमाल उडाले, म्हणायची. मी मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. म्हटलं, कुणाला खुपतंय का बघू."

तिला संताप आला. तिला फसवलं होतं, तेही तिच्याच हत्यारानं. पण संताप भीतीच्या पुढं टिकला नाही. कोण आहेस तू, कुणी पाठवलं, असं तिनं विचारलं, आणि आवाज इतका बारीक निघाला की तिलाच लाज वाटली.

रोदिओन सांगत गेला. ताल्निकीच्या म्हाताऱ्या आता अकराच उरल्यात. त्याच्या आईच्या गळ्यातली गाठ डॉक्टरांनी दोनदा कापलीय. पीडित म्हणून नोंद व्हावी, औषधं मिळावीत म्हणून ते नऊ वर्षं अर्ज करताहेत. दर खेपेला तेच उत्तर येतं. त्यानं दुसरा कागद पुढं सरकवला. तो सरकारी कचेरीचा होता. अशी घटना नोंदीत नाही. आणि घडली असती असं क्षणभर मानलं, तरी त्या दिवशी वारा नैऋत्येचा होता, म्हणून ताल्निकीवर काही पोचणं संभवत नाही. सोबत नोंदवहीच्या त्या पानाची प्रत.

फाईनानं पान बघितलं. अक्षर तिचं, तेवीस वर्षांच्या पोरीचं, गोल गोल.

"या पुढच्या सोमवारी कोर्टात शेवटची सुनावणी," रोदिओन म्हणाला. "तुम्ही काय पाहिलंत ते मला सांगू नका. सही केली असेल तर आतच ठेवा. मी कादंबरी तपासून घ्यायला आलोय."

"कादंबरीचा निकाल दिला मी."

"माझ्या कादंबरीचा. त्यांच्या कादंबरीचा द्या." आणि त्यानं नोंदवहीच्या पानावर बोट ठेवलं.

ती उठली, चुलीपाशी गेली, उगाच किटली हलवली. तिला वेन्यामिनच्या छातीवरचा पास दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं. जा म्हणावं, दार लावावं, एवढंच करायचं होतं. परत आली तेव्हा तेच म्हणायला तोंड उघडलं, आणि नजर पानावर गेली.

पानावर चार वाजता पारा अकरा होता. सहा वाजता एक. हवेचा दाब साडेचारपासनं सरसर वर चढलेला. पाच वाजता गारठलेला पाऊस. आणि वारा सकाळपासनं दुसऱ्या सकाळपर्यंत नैऋत्येचा, उबदार, जागचा न हललेला. अधिकाऱ्यानं वाऱ्याचा रकाना सांगितला होता. बाकीचे त्याला कळत नव्हते, आणि तिला विचारायची छाती झाली नव्हती. तिनं ते होते तसे उतरवले होते. एकावन्न वर्षं ते पान तसंच पडलं होतं, आणि एकाही शहाण्यानं ते आडवं वाचलं नव्हतं.

इतकं भिकार काम एखाद्या पोरसवदा लेखकाकडनं आलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं.

"पेन आहे का तुझ्याकडं?" ती म्हणाली.

तिनं एक पानभर लिहिलं. आपण काय पाहिलं याचा एक शब्द नाही. फक्त एवढंच, की नैऋत्येच्या वाऱ्यात आमच्याकडं दोन तासांत दहा अंश पारा पडत नाही, दाब असा चढत नाही. तो चढतो ते वारा वायव्येला वळला तरच, आणि या आकड्यांप्रमाणं तो साडेचारला वळला असला पाहिजे. म्हणून वाऱ्याचा रकाना असा असणं संभवत नाही. कुठल्याही हवामानवाल्याला दाखवा. खाली पूर्ण नाव आणि तेहतीस वर्षांची नोकरी. सही करताना रोदिओननं कागद दाबून धरला.

तो गेल्यावर तिनं वेन्यामिनला फोन केला. त्यानं सगळं ऐकलं, आणि नीट जेवत जा एवढंच म्हणून फोन ठेवला.

सुनावणी पुढं ढकलली. म्हाताऱ्यांच्या वकिलानं तो कागद दाखल केला होता आणि कचेरीला वेळ हवा होता. त्यानंतर बारा दिवसांनी एका तरुण, गोड आवाजाच्या माणसानं फोन केला. जरा बोलायचंय, मंगळवारी दहाला या, ओळखीला पासपोर्ट आणा. कुठं, असं तिनं विचारलं. तुम्हाला ठाऊक आहे, तो म्हणाला.

तिनं पिशवीत लोकरीचे मोजे, गुडघ्याच्या गोळ्या आणि साबण घातला. शेजारणीला खिडकीतल्या झाडांना पाणी घालायला सांगितलं. किती दिवस, असं शेजारणीनं विचारलं, आणि फाईनानं तिच्या हातात किल्ली ठेवली.

खोली उबदार होती. तरुण माणसानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, तब्येत विचारली. मग टेबलावर दोन कागद ठेवले. एक तिचा नवा, एक नोंदवहीचं ते पान.

"ही सही तुमची?"

"माझी."

"आणि हे अक्षर?"

तिनं पाण्याचा घोट घेतला. "माझंच."

"म्हणजे एकदा तुम्ही वारा नैऋत्येचा लिहिलात, आणि आता म्हणता तो असणं शक्य नाही." तो हसला, चांगलं हसला. "फाईना येगोरोव्ना, या दोन्हींतलं खोटं कुठलं? विचार करून सांगा. मुलगा आमच्याकडं आहे तुमचा, मोजमापात. चांगलं काम करतो."

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. तिला मुतायला लागलं होतं आणि तसं सांगायची भीती वाटत होती. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसली, आणि वेन्यामिनचा बूट काढताना थांबलेला हात तिच्या डोळ्यांपुढनं हलेना.

"पहिलं. नोंदवहीतलं," ती म्हणाली.

तरुण माणसानं पेन उचललं आणि लिहायला लागला. पानाच्या खालपर्यंत गेला, पान उलटलं, पुढं लिहीत राहिला. जा म्हणाला नाही. थांबाही म्हणाला नाही.