कडावच्या गिरणीचा शाफ्ट

चौक गावात जुन्या हायवेलगत, ढाब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मालोजीकाकांची लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, आहे. खोपोलीच्या एका कारखान्यात तीस वर्षं कातकाम केलेला हा माणूस. बोलण्यात कंजूष आणि हट्टात एकदम श्रीमंत. घाईत आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी बाकावर बसवतात. प्राचीला मात्र बसायला सवड नव्हती.

प्राची कडावची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तिनं वडिलांची, गजाभाऊंची, भातगिरणी हाती घेतली होती. ऐन हंगामात मुख्य शाफ्टवर बेरिंग बसते तीच जागा झिजली. इतक्या जुन्या यंत्राचा शाफ्ट आता कुठं मिळतो? झिजलेला भाग कातून त्यावर पोलादी नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवायची एवढाच उपाय उरला होता. नळीचं भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान ठेवतात. तापवली की ती फुगून शाफ्टवर सरकते आणि निवली की अशी आवळते की वेल्डिंगचं नाव काढायला नको.

"शाफ्ट उन्हातनं आलाय, त्यात आत्ताच कातलाय. सावलीत पडू दे, उद्या मापू," काका म्हणाले होते.

"गिऱ्हाइकं गोणी घेऊन बसलीत ओ, काका! आताच मापा."

पोरीचा रडवेला चेहरा बघून काका नमले. गिरणी सुरू झाली आणि चौथ्या दिवशी स्लीव्ह शाफ्टवर गरागरा फिरायला लागली.

प्राचीनं शाफ्ट पुन्हा शेडमध्ये आणून टाकला आणि तीन-चार टेंपोवाल्यांदेखत तोंड सोडलं. "तुमच्याच्यानं आता व्हत नाय, काका. हात कापतात तुमचे!" काकांनी फडक्यानं शाफ्ट पुसला. "ठेव तितं," एवढंच म्हणाले.

आता शाफ्टवर आणखी एकदाच कातण्याइतकी जाडी उरली होती. नवी स्लीव्हही फिरली तर यंत्र भंगारात द्यायचं आणि गिरणीला कुलूप लावायचं, असं गजाभाऊंनी लेकीला बजावलं होतं.

कातून झाल्याबरोबर काकांनी मायक्रोमीटर तिच्याच हातात दिला. "माप घे, लिवून ठेव, नि घरी जा." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तोच शाफ्ट पुन्हा मापला. रात्रभरात निवून माप घटलं होतं, मिलिमीटरच्या शंभर भागांतले जवळजवळ दोन भाग. प्राचीनं मनाशी हिशेब केला आणि तिचे कान तापले. नळी शाफ्टपेक्षा लहान ठेवायची ती अख्खी पकडच मुळी चार भागांची. मागच्या खेपेला त्यातली निम्मी तिच्या घाईनं खाल्ली होती. काकांचा हात कधी कापलाच नव्हता.

काकांनी थंड शाफ्टच्या मापानं नवी स्लीव्ह घडवली आणि ती गॅसच्या ज्योतीवर फिरवत तापवायला घेतली. प्राचीनं तापमापक रोखला. "दोनशे झालं, काका. चढवा!" काकांनी एक छोटी दांडी उचलली. ती त्यांनी शाफ्टपेक्षा सहा-सात भाग मोठी कातून ठेवली होती; ती सहज गेली तरच भोक पुरेसं फुगलं म्हणायचं. स्लीव्हच्या भोकात घालून बघितली. अडली.

"तुजं यंत्र वरनं बघतंय गं. आतनं कुटं फुगलीय अजून?"

आणखी पाचेक मिनिटं त्यांनी ज्योत सगळीकडून सारखी फिरवली. मग दांडी आरपार सुळकन गेली. त्याबरोबर काकांनी स्लीव्ह चिमट्यांत धरून शाफ्टवर एका दमात पायरीपर्यंत, म्हणजे शाफ्टचा जाड भाग सुरू होतो त्या कडेपर्यंत, सरकवली. अर्ध्यात अडकली असती तर देवालाही निघाली नसती. प्राचीला वाटलं, जमलं! पण काका हलले नाहीत. निवताना स्लीव्ह लांबीतही आखडते आणि पायरीपासून फट पडते. म्हणून ती पुरती निवेपर्यंत साठीतला तो माणूस जाड हातमोज्यांनी तिला दाबून उभा राहिला. घाम डोळ्यांत जात होता, तरी त्यांनी तो पुसला नाही. त्या हातांना आपण काय बोललो, हे आठवून प्राचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी स्लीव्हची बाहेरची बाजू बेरिंगच्या मापाला कातून काकांनी स्लीव्ह आणि शाफ्ट दोन्हींवरून जाणारी एक बारीक सरळ रेघ ओढली. "आठ दिवस गिरणी पूर्ण भारावर चालव. रेघ मोडली तर स्लीव्ह सरकली समज."

आठव्या दिवशी प्राचीनं पट्टा उतरवून बघितलं. रेघ सरळ होती. ती तडक चौकला आली आणि काकांपुढं उभी राहिली.

"चूक माजी व्हती, काका. तुमाला तवाच ठावं व्हतं. मग सगळ्यांदेखत माजं ऐकून का घेतलंत?"

काकांनी लेथ थांबवली.

"उलट बोललो असतो तर रागानं शाफ्ट दुसरीकडं नेला असतास. तितं पण घाईच केली असतीस. कातायला एकदाचीच जागा व्हती त्यात, पोरी."